तीन ठिकाणांहून पाहिलेले सत्य : गुणात्मक संशोधनातील त्रिकोणीकरण आणि आपला इतिहास

आमच्या शाळेतील नववीच्या वर्गाला दरवर्षी एक उपक्रम दिला जातो. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर मुलांनी आपल्या गावातील किमान दोन वृद्धांशी बोलावे आणि त्यांनी सांगितलेली जुनी हकीकत वहीत उतरवून आणावी, असा हा साधा उपक्रम. आरंभी आमचा हेतू एवढाच होता की, वसतिगृहात वाढणाऱ्या मुलांचे गावाशी आणि आजी-आजोबांशी असलेले नाते तुटू नये. परंतु वह्या तपासू लागलो तेव्हा ध्यानात आले की, मुलांनी आणलेली ही सामग्री म्हणजे गुणात्मक संशोधनाचा कच्चा मालच आहे, आणि त्याच्याबरोबर त्या संशोधनाचा सर्वांत कठीण प्रश्नही आपल्या पुढ्यात आलेला आहे. हे खरे कशावरून?

या प्रश्नाचा आमच्यापुरता एक जुना व्रण आहे. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आम्ही आमच्या भागातील चळवळीवर एक छोटा प्रबंध लिहिला होता. गावोगाव फिरून जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी गोळा केल्या होत्या. तोंडी परीक्षेच्या वेळी एका परीक्षकांनी पाने चाळली आणि म्हटले, "ही सगळी ऐकीव माहिती. कागद कुठे आहे?" आम्ही निरुत्तर झालो. रागही आला. ज्यांना अक्षराला स्पर्श करू दिला नाही त्यांच्याकडे कागद कोठून असणार, हे उत्तर घरी परतताना सुचले. आज तीस वर्षांनी मागे वळून पाहताना वाटते की, तो राग योग्य होता, पण आमच्या कामातील उणीवही खरी होती. आम्ही एकाच प्रकारच्या साधनावर विसंबलो होतो. त्या परीक्षकांना द्यावयाचे खरे उत्तर त्रिकोणीकरणात होते, आणि ते आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. आमच्या विद्यार्थ्यांवर आणि माजी विद्यार्थ्यांवर तशी वेळ येऊ नये, यासाठी हा लेखप्रपंच.

शब्दाचे मूळ

इंग्रजीत ज्याला 'ट्रायअँग्युलेशन' म्हणतात तो शब्द मुळात भूमापनाचा. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची एक आधाररेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली. तेथून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम सुरू झाले. रीत अशी की, आधाररेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे पाहून कोन मोजावयाचे. एक बाजू आणि दोन कोन ठाऊक झाले की, तेथवर पाऊल न टाकताही टेकडीचे स्थान निश्चित होते. त्या त्रिकोणाची बाजू ही पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा. राधानाथ सिकदार यांनी १८५२ साली जगातील सर्वोच्च शिखराची उंची गणिताने काढली, तीही अशाच अनेक ठाण्यांवरून घेतलेल्या निरीक्षणांच्या आधारे.

या इतिहासातील दोन गोष्टी आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. पहिली अशी की, एकाच जागेवर उभे राहून दहा वेळा पाहिले तरी टेकडीची दिशा तेवढी कळते, अंतर कळत नाही. त्यासाठी जागा बदलावी लागते. दुसरी अशी की, त्रिकोणांची साखळी दूरवर गेल्यानंतर सर्वेक्षक पुन्हा एक आधाररेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजत आणि गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाहत. म्हणजे ज्यांचे गणित पक्के होते, त्यांनीही आपल्या गणितावर आंधळा विश्वास ठेवला नाही.

समाजशास्त्रातील प्रवेश

सामाजिक शास्त्रांत ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. १९५९ साली कॅम्पबेल आणि फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले की, एखादा गुण एकाच पद्धतीने मोजला तर मिळालेल्या उत्तरात त्या गुणाचा वाटा किती आणि पद्धतीचा वाटा किती, हे वेगळे करता येत नाही. म्हणून पद्धती एकाहून अधिक हव्यात. १९६६ साली वेब, कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, माणसांना न विचारताही पुरावा कसा मिळतो यावर एक ग्रंथ लिहिला. त्यातील एक उदाहरण मुलांना फार आवडते. शिकागोच्या एका संग्रहालयात अंड्यातून बाहेर पडणारी जिवंत पिल्ले दाखविणारे दालन होते. तेथील फरश्या इतर दालनांपेक्षा कितीतरी लवकर झिजत व वारंवार बदलाव्या लागत. कोणते दालन लोकांना सर्वाधिक आवडते, हे त्या झिजलेल्या फरश्यांनीच सांगितले.

पुढे १९७० साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ नॉर्मन डेन्झिन यांनी त्रिकोणीकरणाचे चार प्रकार मांडले. ते असे :

१. साधनसामग्रीचे त्रिकोणीकरण – एकच घटना वेगवेगळ्या व्यक्तींकडून, वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी जाणून घेणे.

२. संशोधकांचे त्रिकोणीकरण – एकाऐवजी दोन-तीन संशोधकांनी स्वतंत्रपणे निरीक्षण करणे. मुलाला जे सांगितले जात नाही ते मुलीला सांगितले जाते, याचा अनुभव आमच्या वर्गाने अनेकदा घेतला आहे.

३. सिद्धान्तांचे त्रिकोणीकरण – त्याच सामग्रीकडे एकाहून अधिक वैचारिक भूमिकांतून पाहणे. दुष्काळ ही निसर्गाची आपत्ती म्हणून पाहिली तर एक चित्र दिसते. जमीन, पाणी आणि जात यांच्या वाटपाचा प्रश्न म्हणून पाहिली तर दुसरे.

४. पद्धतींचे त्रिकोणीकरण – मुलाखत, प्रत्यक्ष निरीक्षण, दस्तऐवज, वस्तू यांचा एकत्र उपयोग करणे.

गुणात्मक संशोधनात वैधता म्हणजे काय, तर आपण जे जाणून घ्यावयास निघालो तेच खरोखर जाणून घेतले की नाही, याची ग्वाही. संख्यात्मक संशोधनात ती ग्वाही मोजमापातून येते. माणसांच्या आठवणी, अर्थ आणि अनुभव यांच्या अभ्यासात ती वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या साक्षींच्या ताडणीतून येते. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ साली अशा संशोधनासाठी 'विश्वासार्हता' हा निकष पुढे ठेवला, आणि ती मिळविण्याच्या मार्गांत त्रिकोणीकरणाला स्थान दिले.

महाडच्या इतिहासाचा धडा

हे सारे परक्या देशातील पंडितांचे शास्त्र आहे, असे कोणास वाटू नये, म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे आपल्याला कशावरून कळते?

एक साधन म्हणजे चळवळीचे स्वतःचे लेखन. 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे घटनेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी सुरू झाले. दुसरे साधन शासकीय व नगरपालिकीय : १९२३ सालचा मुंबई कायदे मंडळातील बोले ठराव आणि सार्वजनिक तळे सर्वांना खुले करणारा महाड नगरपालिकेचा १९२४ सालचा ठराव. तिसरे साधन न्यायालयीन : तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची रूढी प्राचीन आहे, असा दावा करून स्पृश्यांनी गुदरलेला खटला. तो १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाली निघाला. चौथे साधन आठवणींचे : महाड परिसरातील कार्यकर्ते कॉ. आर. बी. मोरे यांचे आत्मकथन, आणि सत्याग्रहात सहभागी झालेल्यांच्या घराघरांत जपलेल्या हकीकती.

ही साधने प्रत्येक तपशिलात जुळतात का? नाही. परिषदेला किती लोक जमले होते, या साध्या गोष्टीबाबतही एका लेखनात अडीच हजारांहून अधिक, तर दुसऱ्यात दहा हजार असे आकडे भेटतात. म्हणून घटना खोटी ठरते का? मुळीच नाही. परिषद भरली, मिरवणूक तळ्यावर गेली, पाणी प्राशन केले गेले, आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, या मुख्य गोष्टी साऱ्या दिशांनी जुळतात. आकड्याचे मतभेद आपल्याला एवढेच शिकवितात की, गर्दीचा अंदाज कोण, कोठून आणि कोणासाठी करीत आहे हे पाहावे. जेथे साक्षी जुळतात तेथे ठामपणे बोलावे. जेथे जुळत नाहीत तेथे दोन्ही आकडे द्यावेत. आपल्याला प्रिय असलेला मोठा आकडा निवडणे ही चळवळीची सेवा नव्हे.

या खटल्याचा आणखी एक बोध आहे. प्रतिपक्षाचा सारा भर 'पूर्वापार चालत आले आहे' या एका वाक्यावर होता. न्यायालयाने त्याला पुरावा मागितला, आणि ती रूढी अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही. तळे नगरपालिकेच्या मालकीचे ठरले. म्हणजे पडताळणीची कसोटी ही केवळ आपल्याला अडविण्यासाठी वापरली जाते असे नाही; ती आपण हाती घेतली तर अन्यायाच्या दाव्यालाही ती निरुत्तर करते. केवळ परंपरेने चालत आले, अनेकांनी सांगितले, म्हणून स्वीकारू नका, हा कालाम सुत्तातील उपदेश आमच्या मुलांना पाठ आहे. संशोधन म्हणजे त्या उपदेशाचा दैनंदिन सराव होय.

तरीही या चारही साधनांत एक उणीव दीर्घकाळ राहिली. त्यांत स्त्रिया फारशा बोलत नव्हत्या. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला. जुन्या नियतकालिकांतील नोंदी एका बाजूस आणि चळवळीतील वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग उभा केला. नवे ठाणे उभारल्याशिवाय काही शिखरे दिसतच नाहीत, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

वहीतील दोन साक्षी

आता आमच्या वर्गातील एक प्रसंग. गाव आणि माणसे यांची नावे आम्ही देत नाही. ती न देण्याचे वचन मुलांनी त्या घरांना दिले आहे.

विषय होता १९७२ चा दुष्काळ. त्या दुष्काळात महाराष्ट्रात मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ पन्नास लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळी पट्ट्यातील एका गावात आमच्या दोन विद्यार्थ्यांनी मुलाखती घेतल्या. पहिली साक्ष गावातील एका आबांची. ते पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. ते म्हणाले, "त्या साली जातपात कुठली राहिली होती? सगळी एका रांगेत बसून सुकडी खायची." दुसरी साक्ष बौद्ध वस्तीतील एका आजींची. त्यांनी सांगितले, "विहिरीवर आम्हाला हात लावून देत न्हवते. हंडा खाली ठेवायचा आन् कुणी वरून वतंल तवर उन्हात बसायचं."

वर्गात वही वाचली गेली तेव्हा मोठा गदारोळ झाला. बहुतेक मुलांचा निर्णय तात्काळ झाला : आबा खोटे बोलत आहेत, त्यांची साक्ष खोडून टाकावी. खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात प्रथम तेच आले. पण खोडून टाकणे म्हणजे संशोधन नव्हे. आम्ही मुलांना पुन्हा पाठविले, आणि या वेळी बरोबर एक विद्यार्थिनी दिली. दोघांनाही एकच प्रश्न विचारावयाचा होता : तुम्ही सांगता ते कोठे पाहिले?

दुसऱ्या भेटीत उलगडा झाला. आजी स्वतः आबांच्याच टोळीत खडी वाहत होत्या, आणि सुकडीची रांग एकच होती, हे त्यांनीही मान्य केले. "कामावर सगळी सारखीच, बाळा. पाण्यावर न्हाई," हे त्यांचे शब्द. उलट आबा कधी पाणी भरावयास गेलेच नव्हते. ते घरातील बायकांचे काम. त्यांनी जे पाहिले ते सांगितले, आणि जे पाहण्याची त्यांना कधी गरज पडली नाही ते त्यांच्या आठवणीत नव्हते. हे बोलणे चालू असताना आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या आणि त्या मुलीजवळ बसून हळूच म्हणाल्या, "मीच वतायचे की पाणी. माझ्या सासूनं शिकवलं होतं, हंड्याला हंडा लागू द्यायचा न्हाई."

ही तिसरी साक्ष आमच्या वहीत कोणत्याही कागदातून आली नसती. मुलगी बरोबर नसती, तर ती कदाचित आलीही नसती.

त्यानंतर मुलांनी वस्तू आणि कागद पाहिले. वस्तीच्या कडेला एक स्वतंत्र विहीर आहे. तिच्या काठावरील दगडात कोरलेले वर्ष दुष्काळ सरल्यानंतरचे. ग्रामपंचायतीच्या जुन्या इतिवृत्तात त्या विहिरीच्या मागणीची नोंद सापडली. कारण म्हणून एकच शब्द लिहिला होता : 'पाणीटंचाई'. पाणवठ्यावरील अस्पृश्यता ही केवळ एका आजीची कल्पना नव्हती, हे १९६९ सालच्या इलायापेरुमल समितीच्या शासकीय अहवालावरून देशाच्या पातळीवर दिसतेच. या गावात मात्र कागदाने वर्ष दिले आणि कारण लपविले. आजींनी कारण दिले, पण वर्ष त्यांना आठवत नव्हते. दोन्ही एकत्र आले तेव्हा कोठे गावाचा इतिहास पुरा झाला.

मुलांनी अखेर जे वाक्य लिहिले ते असे : 'दुष्काळी कामावर जात काही काळ मागे सरली होती, पण पाणवठ्यावर ती तशीच होती; आणि हा फरक पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक ठाऊक होता.' पहिल्या दोन साक्षींपैकी कोणतीही एक निवडली असती, तर हे वाक्य लिहिता आले नसते.

काही सावधगिरीच्या गोष्टी

त्रिकोणीकरण म्हणजे तीन साक्षी गोळा करून त्यांची सरासरी काढणे नव्हे. आबा आणि आजी यांच्या बोलण्याचा मध्य काढला असता, तर 'थोडीशी अस्पृश्यता होती' असे एक निरर्थक वाक्य हाती आले असते. साक्षी जुळल्या तर विश्वास वाढतो. न जुळल्या तर नवा प्रश्न मिळतो. दोन्ही लाभच आहेत.

तीन साधने दिसतात तेव्हा ती खरोखर तीन आहेत का, हेही पाहावे. एकाच पुस्तकातील मजकूर तीन भाषणांत आणि चार स्मरणिकांत उतरला, तर साक्ष एकच राहते. आपल्याकडे हा दोष फार आहे, आणि आमच्याही काही जुन्या लेखांत तो आहे, हे कबूल केले पाहिजे.

प्रत्येक साधनाचा जन्म कोणाच्या हातून झाला, हे विचारावे. इतिवृत्त लिहिणारा कोण होता? मुलाखत देताना शेजारी कोण बसले होते? कागद म्हणून तो श्रेष्ठ आणि आठवण म्हणून ती कनिष्ठ, ही क्रमवारी ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी ठरविलेली आहे. परंतु आठवण आपली आहे म्हणून ती तपासणीपलीकडची, ही भूमिकाही टिकणारी नाही.

शेवटी, पडताळणी करताना माणसाचा अवमान होता कामा नये. 'तुम्ही खोटे सांगितले का' असे आजींना विचारणे हा अपराध होय. 'तुम्ही ते कोठून पाहिले, आणखी कोणाला आठवत असेल' असे विचारावे. लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा आणि त्यांनी सुचविलेली दुरुस्ती वेगळ्या शाईने नोंदवावी.

माजी विद्यार्थी व पालकांना विनंती

बाबासाहेबांना पाहिलेली, १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी लहान असलेली पिढी आता झपाट्याने ओसरत आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारे हातही थकले आहेत. घरातील वृद्धांकडे बसा. दूरध्वनीवर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि त्याच दिवशी तारीख, ठिकाण व उपस्थितांची नावे वहीत लिहा. वहीचे तीन रकाने करा : पहिल्यात त्यांनी सांगितलेले, दुसऱ्यात दुसऱ्या कोणी सांगितलेले, तिसऱ्यात कागद किंवा वस्तू. तिसरा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा. तो कल्पनेने भरू नका. जुने शिधापत्रक, शाळेचा दाखला, परिषदेचे हस्तपत्रक, विहिरीवरील दगड, लग्नपत्रिका, एखादे पुसट छायाचित्र, यांपैकी काहीही टाकून देऊ नका.

आपल्या या वसतिगृहाचा इतिहासही अद्याप लिहिला जावयाचा आहे. पहिल्या खोल्या कोणी बांधल्या, पहिल्या वर्षी जेवण कोणाच्या घरून येत होते, याविषयी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आम्ही निरनिराळ्या हकीकती ऐकल्या आहेत. त्यांतील कोणतीही आम्ही या स्मरणिकेत छापलेली नाही. तुमची साक्ष, तुमच्या सोबत्याची साक्ष आणि तुमच्या पेटीतील कागद, ही तिन्ही आमच्याकडे आल्यावर नववीची मुले ती ताडून पाहतील. त्या मुलांना उद्या कोणी विचारले, "कागद कुठे आहे?", तर ती निरुत्तर राहणार नाहीत. कागद दाखवतील, आणि त्या कागदाने काय लपविले तेही सांगतील.